आजच न्या

४ मार्च

दादा,

प्रिय-बिय लिहीत नाही, उगाच खोटं कशाला. तुझा नंबर मी केव्हाच फोनमधून काढून टाकला होता, पण पत्ता डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. एका बोटानं टाइप करते हे तुला माहीत आहेच. त्यामुळे पाल्हाळ नाही. राग मात्र अख्खा आहे.

काम असं की तुला सरकारकडून एक चिठ्ठी येईल. अपंग माणसांना आपापलं राहता यावं यासाठी नवीन योजना आखतायत. तळमजल्यावरची घरं, रुंद दारं, आणि मदतीला माणूस. तो माणूस किती वेळ हवा, कशासाठी हवा, हे ज्याचं घर त्यानं ठरवायचं. संस्था नव्हे, हे नीट वाच. खाटांच्या रांगा नाहीत, घंटेवर जेवण नाही. नियोजन खात्याच्या एक बाई आपल्याकडे येऊन गेल्या. आई तेव्हा औषधं आणायला गेली होती. मी त्यांना सरळ सांगितलं, माझं नाव घाला.

बाई हसल्या नाहीत, "अगं बाई, किती धाडसी!" असंही म्हणाल्या नाहीत. "मदत लागते कुठे कुठे, सांगा," म्हणाल्या. मी सांगितलं. उठणं, अंघोळ, कपडे, खुर्चीत बसणं, पुन्हा खुर्चीतून उठणं. बाकी हाताजवळची कांडी हलवली की विजेवरची खुर्ची जाते, आणि फोनवर पाणीपुरवठ्याच्या तक्रारी घ्यायला तोंड पुरतं. पगार मिळतो. अडतीस वर्षांची झाले.

आता गोम ऐक. योजनेच्या मसुद्यात एक कलम आहे, "पालकांची संमती आवश्यक." अडतिसाव्या वर्षी! बाई म्हणाल्या, मसुदाच आहे, सभेत बोला, बदलू. मी बोलणार आहे. भाषण पाठ करतेय. कारण आई संमती देणार नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. आपल्या गल्लीत तिला देवमाणूस म्हणतात. देवमाणूस माणसाला सोडत नाही रे.

जवळच्या नातेवाइकांचंही मत विचारणार आहेत. तू काही लिहू नकोस. तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात उभं राहून "हिला संस्थेत ठेवू या" म्हणालास, तेवढं मत पुरे आहे. तू निघून गेलास, आईनं त्यानंतर तुझं नाव काढलेलं नाही, आणि मीही आज पहिल्यांदाच काढतेय.

समोरच्या काकू हे पत्र पेटीत टाकतील. आईला कळता कामा नये.

चिंगी

१९ मार्च

दादा,

काल सभा झाली. मी अजून भानावर नाही. पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात. माझे पाय जमिनीला लागतच नाहीत, तेव्हा खुर्चीच सरकली असं म्हण. पण सरकली.

सभागृह चांगलं होतं. व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या, म्हणून साहेब लोक खाली येऊन आमच्यासमोर साध्या खुर्च्यांवर बसले. हे त्या नियोजनवाल्या बाईंचंच काम. आमच्यातले पुष्कळ जण आले होते, आणि प्रत्येकाबरोबर कुणाची तरी आई. बाप थोडे. आईला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. "एक सरकारी सभा आहे, चल," एवढंच. तिनं कसली म्हणून विचारलं नाही. नवी साडी नेसली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बाईंनी कलम वाचलं. पालकांची संमती आवश्यक. म्हणाल्या, यावर आधी पालकांनी बोलावं, मग ज्यांना राहायचंय त्यांनी. मी मनात भाषण घोळवत होते. पहिलं वाक्य होतं, "प्रेमाला कुणी सहीचा अधिकार दिला?" भारी होतं ना? मलाच आवडलं होतं.

आणि आई उठली. पहिलीच. कमरेला हात लावून उभी राहिली आणि माइक हातात घेतला. तिनं आयुष्यात माइक धरलेला नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, माझ्या डोक्यातून ते जातच नाहीयेत.

"मी हिची आई. हिला उचलून उचलून माझं अंग मोडलं, ते राहू दे. सगळ्या बायकांचं मोडतं. मला एकदा दार ओढून घेऊन बाहेर पडायचंय. कुठे जाते, कधी येते, हे कुणाला न सांगता. देवळात नाही, दवाखान्यात नाही. नुसतं बाहेर. संमती कसली विचारता? आहे माझी संमती. आजच न्या."

आजच न्या, दादा.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मागे कुणाची तरी आई रडायला लागली, आणि तिचा मुलगा तिला म्हणाला, "तुलापण असंच वाटतं का?" तिनं पदर तोंडाला लावला. मी आईकडे बघत राहिले. मला वाटत होतं ती माझ्याकडे वळून बघेल आणि थोडी हसेल, म्हणजे मला कळेल की हे माझ्यासाठी केलेलं नाटक आहे. ती वळली नाही. माइक बंद कसा करायचा हे तिला कळेना, म्हणून तसाच टेबलावर ठेवला.

पुढे मी काय बोलले ते विचारू नकोस.

परतताना एकाच गाडीनं आलो. माझ्या खुर्चीचे पट्टे मात्र तिनंच आवळले, नेहमीसारखे. एक पट्टा जरा जास्तच आवळला गेला होता.

चिंगी

२७ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांनी पत्र आणि त्यात एकच ओळ, "तू काय बोललीस?" विचारू नकोस म्हटलं की नेमकं तेच विचारायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड.

ऐक तर. माझी पाळी आली तेव्हा मला भाषण आठवेना. बाईंनी माइक माझ्या तोंडाजवळ धरला. मी म्हटलं, "मी काय सामान आहे का, आजच न्यायला? मी कुठेही जाणार नाही. लिहून घ्या." आणि त्यांनी लिहून घेतलं. सरकारी माणसं इतर वेळी काही लिहून घेत नाहीत, पण तेव्हा अगदी तत्परतेनं घेतलं.

हसू नकोस. मला निघायचं होतं. वर्षभर मनात स्वतःच्या घराचे पडदेसुद्धा लावून झाले होते. पण मी निघायचं होतं रे, मला काढायचं नव्हतं. मी तिला सोडून जाणार, ती दारात उभी राहून पदरानं डोळे पुसणार, मी तिची समजूत घालणार, असं मी ठरवलं होतं. तिनं माझ्या आधीच माझा हात सोडला. मला इतकं लागलं की मला हवं होतं तेच मी लाथाडलं. लाथ मारता येत नाही तर तोंडानं.

घरातलं आता विचारू नकोस. आई मला उचलते, न्हाऊ घालते, केस विंचरते, आणि बोलत नाही. अंगाला हात लावणारं माणूस बोलत नसलं की कसं वाटतं ते तुला कळणार नाही. परवा न्हाऊन झाल्यावर मी म्हटलं, "आई, तू खरंच तसं म्हणालीस?" ती म्हणाली, "पाय वर घे," आणि माझा पाय तिनंच वर घेतला.

काल नियोजनवाल्या बाई आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण दाबलेलं. म्हणाल्या, "तुमच्या केसमुळे आमची पंचाईत झालीय. इतक्या अर्जांत हा एकच असा निघाला, की पालकांची संमती आहे आणि अर्जदाराची नाही."

"मग?"

"मग काय? तुम्हीच सांगत होतात ना, शब्द तुमचाच धरायचा म्हणून. धरला. तुमचं 'नाही' आता कुणालाच बदलता येणार नाही. तुमच्या आईला नाही, मला नाही, साहेबांनाही नाही."

मागितलेलं मिळालं की कसं तोंडावर आपटतं बघ. मग त्यांनीच मार्ग काढला. एक नमुना घर तयार आहे. योजना पक्की व्हायच्या आधी काही जणांनी तिथे थोडे दिवस राहून काय चुकतंय ते सांगायचं. "हो-नाहीचा प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या, "तक्रारी करायला या. तुमचा धंदाच तो आहे."

दुसऱ्यांच्या तक्रारी घ्यायच्या हा माझा धंदा, स्वतःच्या करायच्या नव्हे. पण जातेय.

चिंगी

९ एप्रिल

दादा,

नमुना घरातून लिहितेय. दोन खोल्या. दार रुंद आहे, बेसिनखाली खुर्ची जाते, दिव्याची बटणं माझ्या हाताच्या उंचीवर आहेत. पहिल्या दिवशी मी नुसते दिवे लावले आणि बंद केले. बाहेरून जाणाऱ्यांना वाटलं असेल, वायरिंग बिघडलंय.

मदतीला येणारी बाई माझ्याच वयाची आहे. आधी शिवणकाम करायची. मला टाचणीसारखी जपून उचलते. पण पहिल्या सकाळी ती माझ्या खाटेजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उचलू का?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं, "ताई, उचलू का?" दादा, हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. उचलतात. आईनं उचललं, डॉक्टरांनी उचललं, तू खांद्यावर घेऊन गल्लीभर पळायचास, तेव्हा तूसुद्धा विचारलं नव्हतंस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती बिचारी घाबरली, कुठे दुखलं म्हणून.

आता फजिती ऐक. दुपारी काम संपवून मी खिडकीशी बसले. चहाची वेळ झाली. चहा आला नाही. ती बाई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी वाट बघत बसले. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, मला चहा मिळाला नाही. माझा संताप वाढत चालला. हीच का तुमची योजना, तहानेनं मारायची? शेवटी मी ओरडले, "इथे चहा देत नाहीत का?" ती धावत आली. म्हणाली, "तुम्ही सांगितलंच नाही. मला वाटलं तुम्ही पीत नाही."

मी सांगितलंच नव्हतं! मला चहा हवाय हे दुसऱ्याला सांगावं लागतं, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. घरी मी नुसती खिडकीशी वळले की आईचं आधण चढलेलं असायचं. माझ्या पोटातलं माझ्या आधी तिला कळायचं. मी हे प्रेम समजत होते. प्रेमच आहे. पण दिवसभर दुसऱ्याच्या पोटात कान लावून जगायचं म्हणजे काय होत असेल, हा विचार मला त्या खिडकीशी पहिल्यांदा आला, आणि मी हबकले.

मग मी सांगितलं. चहा, साखर कमी, आलं नको. आई आलं घालते. मला आलं कधीच आवडलं नाही.

चिंगी

१७ एप्रिल

दादा,

हे पत्र एका दमात लिहितेय. बोट दुखलं तरी चालेल.

काल न कळवता घरी गेले. गाडीवाल्यानं दारापर्यंत सोडलं. उंबऱ्यावरची उतरती फळी जागेवर होती. दार लोटलेलं होतं. मी कांडी पुढे ढकलली, आत गेले आणि अडकले.

बोळकांडीच्या तोंडाशी टेबल होतं. तेच, एरवी भिंतीला चिकटवलेलं, ज्याच्यावर आई उभ्यानं जेवायची, कारण बसायला खुर्ची ठेवली तर मला वळायला जागा उरायची नाही. ते टेबल मधोमध ओढलेलं. तीन बाजूंनी खुर्च्या. एका खुर्चीवर आई बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर, समोर पेपर पसरलेला. बसून जेवत होती. मी माझ्या आईला बसून, सावकाश जेवताना कधी पाहिलंच नव्हतं, हे मला तिला तसं पाहिल्यावर समजलं.

"ये ना," ती दचकून म्हणाली.

"कुठून येऊ?"

तिनं टेबलाकडे बघितलं, माझ्या खुर्चीकडे बघितलं. ज्या घरात मी जन्मभर राहिले त्या घरात मला जायला वाट नव्हती. ती घाईघाईनं उठली, कमरेवर हात ठेवून टेबल ओढायला वाकली.

आणि मी म्हटलं, "राहू दे."

"अगं, पण..."

"राहू दे म्हटलं ना. छान दिसतंय."

दादा, ते छान दिसत होतं. तेवढ्याच शब्दांना मला केवढी ताकद लागली. मग ती तिकडून बसली, मी इकडून, मध्ये टेबल. तिनं चहा दिला. आलं घातलेला. मी प्यायले. सगळंच एका दिवसात सांगायचं नसतं.

चहा संपल्यावर ती म्हणाली, "दादाला पत्रं लिहितेस ना? काकूंच्या पोटात काही राहत नाही."

मी म्हटलं, "लिहिते. शिव्या घालायला."

"त्याला नको घालूस." ती पेपरची घडी करत राहिली. "संस्थेचं त्याच्या डोक्यात नव्हतं. मीच काढलं होतं ते."

मला आधी अर्थच लागेना. मी विचारलं, "काय काढलं होतं?"

"मीच त्याला म्हटलं होतं, हिला कुठे तरी ठेवू या. मी मेले तर हिचं कसं, हे तर होतंच. आणि खरं सांगू का चिंगे, मी मेले नाही तर माझं कसं, हेही होतं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी तुला सांगणार होते. तो म्हणाला, आई, तू बोलू नकोस. तुला तिच्याजवळ राहायचंय. मी तसाही जाणारच आहे, माझ्या नावावर राग राहू दे. मग तो स्वयंपाकघरात येऊन तुझ्यासमोर बोलला. तू त्याला काय काय बोललीस, आणि मी शेजारी उभी राहून रडले. माझी लाज होती ती. त्याचं नाव कुठल्या तोंडानं काढू?"

निघताना कांडी कुठे वळवतेय तेही कळत नव्हतं.

आता तू ऐक. तू मूर्ख आहेस. तीन वर्षं मी तुझ्यावर मन लावून रागावले. मला सर्दी झाली तरी तुझ्यामुळे, खुर्चीचं चाक रुतलं तरी तुझ्यामुळे. ती तीन वर्षं मला परत कर. मला माझा दादा हवा होता रे, आणि तो तू मला न विचारता काढून घेतलास. तुला वाटत असेल, केवढा त्याग केला. केलास. त्याबद्दल मी रडले, खोटं कशाला बोलू, बराच वेळ रडले. पण तुम्ही दोघांनी आपसात बसून ठरवलंत की चिंगीला काय सोसेल आणि काय नाही. मी पलीकडच्याच खोलीत होते. मसुद्यातलं ते कलम सरकारनं आपल्याच घरातून उचललं की काय असं वाटतंय मला.

एकदा तरी विचारायचं होतंत, "चिंगे, उचलू का?"

चिंगी

६ मे

दादा,

तुझं पत्र मिळालं. माफी मागायची तुझी पद्धत म्हणजे चार पानं हवामान आणि शेवटी "काळजी घे." पोचली.

बातम्या देते. मी नियोजन खात्यात जाऊन सांगितलं, माझं ते "नाही" खोडा. बाईंनी विचारलं, "नक्की? आईंनी समजावलं म्हणून नाही ना?" मी म्हटलं, "आईनं टेबल मधोमध घेतलं म्हणून." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी खोडलं. कारण लिहिण्याची जागा नव्हतीच. ते बरं आहे. योजनेतलं संमतीचं कलम गेलं. त्याच्या जागी "राहणाऱ्या व्यक्तीची इच्छा" आलं, आणि आईच्या त्या बोलण्यामुळे आणखी एक आलं, की सांभाळणाऱ्यांनाही स्वतंत्र विचारावं, त्यांना काय हवंय. सभेत जी रडत होती ती दुसरी आईसुद्धा नंतर बोलली म्हणे. काय बोलली ते बाईंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, शिकतेय.

गेल्या आठवड्यापासून मी इथे राहते. नमुना घर नव्हे, माझं घर. सकाळी आणि संध्याकाळी मदतीची बाई येते, मध्ये मी एकटी. पहिले दोन दिवस मी सारखी घड्याळाकडे बघत होते. एकदा फोन हातातून पडला आणि बाई येईपर्यंत जमिनीवरच वाजत राहिला. मी वरून त्याला शिव्या दिल्या. मेले नाही.

आणि काल आई आली.

इथलं दार आतून बटण दाबलं की उघडतं, बाहेरून ढकलून उघडत नाही. आईला हे माहीत नव्हतं. तिला दार ढकलायची सवय. न्हाणीघराचंसुद्धा ती कधी वाजवत नाही, सरळ येते. मी आतून ऐकत होते. दार एकदा हललं, दोनदा हललं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग घंटी वाजली.

"कोण?"

"कोण काय कोण? मी!"

"थांब," मी म्हटलं.

मला काही काम नव्हतं, दादा. केस विंचरलेले होते, कपडे ठीक होते, बटण हाताशी होतं. मी नुसती बसले होते. आणि दाराबाहेर आई उभी होती. मला वाटलं ती ओरडेल, पुन्हा ढकलेल, "पडलीस की काय" म्हणून गल्ली गोळा करेल. तिनं त्यातलं काही केलं नाही. ती थांबली. जन्मात पहिल्यांदा आई माझ्यासाठी थांबली, आणि मला इतका धक्का बसला की बटण दाबायचंच विसरले.

मग दाबलं.

"फार वेळ लावलास," ती म्हणाली.

"हो."

ती आत आली. भिंतींवरून हात फिरवला, बेसिनखाली वाकून बघितलं. पडदे तिला आवडले नाहीत, ते तिनं न बोलता सांगितलं. चहा मी करवून ठेवला होता, थर्मासमध्ये, बिनआल्याचा. एक घोट घेऊन ती थबकली, माझ्याकडे बघितलं आणि सगळा प्यायली. मग पिशवी उचलून म्हणाली, "निघते. जरा बाहेर जायचंय."

"कुठे" हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला. तिनं ते पाहिलं. आणि सभेत जे हसू मी शोधत होते ना, ते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आलं. दार तिनं स्वतः ओढून घेतलं.

तूही ये. सुट्टी नाही, कामं आहेत, हे काही सांगू नकोस. पत्ता पाकिटाच्या मागे आहे. दार ढकलू नकोस, घंटी वाजव आणि थांब. वेळ लागेल. तू बाहेर आहेस हे मला थोडा वेळ आतून ऐकत बसायचंय. मग दार मी उघडीन.

तुझी,
चिंगी